चिठ्ठीऐवजी तिथेच उपाय : बालकांच्या दातांसाठी शासनाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग
मा. सचिव, शालेय शिक्षण विभाग
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : अंगणवाडी व प्राथमिक शाळेतील बालकांच्या दातांची कीड जागच्या जागी रोखण्याबाबत

महोदय, महोदया,

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. या कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. तपासायच्या आजारांच्या यादीत दातांचे आजारही आहेत. म्हणजे अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाचे तोंड वर्षातून दोन वेळा डॉक्टरने उघडून पाहावे, अशी सोय राज्यात आधीच आहे. एवढी यंत्रणा उभी असताना दातांच्या बाबतीत तपासणीचा शेवट बहुतेक वेळा एका चिठ्ठीवर होतो. दात किडले आहेत, ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

ती चिठ्ठी घरातच राहते. मूल रडत नसते, रुग्णालय लांब असते, जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते. शिवाय दुधाचे दात पडणारच आहेत ही समजूत घरोघरी पक्की आहे. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखत नसलेल्या दातासाठी दिवस मोडणे त्यांना परवडत नाही, आणि ज्या दिवशी दात दुखतो त्या दिवशी तो वाचवण्याची वेळ बहुधा टळलेली असते.

म्हणून आम्ही, लहान मुलांचे दात पाहणारे आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणारे दंतवैद्य, आपल्याकडे एक ठोस बदल मागत आहोत. ज्या हाताने मुलाचा ओठ उचलून दात पाहिले, त्याच हाताने तिथेच, त्याच क्षणी फ्लोराइड व्हार्निश (कीड रोखणारा फ्लोराइडचा लेप) लावावे. आणि मधल्या सहा महिन्यांत अंगणवाडीत रोज, जेवणानंतर, फ्लोराइडच्या पेस्टने मुलांचे दात घासले जावेत. बाकी सगळे या दोन गोष्टींना धरून येते.

2002-03 च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांच्या 51.9 टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते, बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 53.8 टक्के होते. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात दात जेमतेम साडेचार वर्षांपूर्वी येऊ लागलेले असतात. तेवढ्यात निम्म्याहून अधिक मुलांना कीड लागते याचा अर्थ रोगाची सुरुवात शाळेच्या कितीतरी आधी, पाळण्यात आणि अंगणवाडीत होते. शाळेत शिबिर भरवून त्याला गाठता येत नाही.

कीड लागते कशी, हे आपल्या प्रत्येक सेविकेला नेमके सांगता आले पाहिजे. तोंडातले जंतू साखर आणि शिजलेला स्टार्च खाऊन आम्ल तयार करतात. तोंडातला पीएच (आम्लतेचे माप, जितका कमी तितके आम्ल जास्त) 5.5 च्या खाली गेला की दाताच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते, विरघळलेले क्षार परत बसवते, पण त्याला अर्धा ते एक तास लागतो. सकाळी चहा-बिस्कीट, मग राजगिऱ्याचा लाडू, मग दुकानातला पुडा, मग पुन्हा चहा असे दर तासाला काहीतरी तोंडात गेले, तर लाळेला सवडच मिळत नाही. त्यामुळे साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला जास्त महत्त्व आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या चार पुढच्या दातांवर रात्रभर गोड दूध साचून राहते. खालचे पुढचे दात जीभ आणि लाळेमुळे बचावतात. वरचे किडलेले आणि खालचे शाबूत हे चित्र दिसले की रात्रीच्या बाटलीची, त्यात घातलेल्या साखरेची, मधात बुडवलेल्या चोखणीची चौकशी केलीच पाहिजे. दुधाच्या दाताचे कवच पक्क्या दाताच्या जवळपास निम्म्या जाडीचे असते. त्यामुळे कीड आत पोचायला वर्षे लागत नाहीत, काही महिने पुरतात.

पहिली खूण म्हणजे हिरडीलगत खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ. ती दिसायची तर ओठ वर उचलावा लागतो, आणि लाळ पुसून दात कोरडा करावा लागतो. ओल्या दातावर ती लपते. ‘आ कर’ म्हणून टॉर्च मारली की दाढांचे खड्डे दिसतात, ही रेघ दिसत नाही. नेमक्या याच टप्प्यावर रोग मागे फिरवता येतो. रेघेची जागा पिवळट-तपकिरी होऊन मऊ पडली की फ्लोराइडने नुसता वेग कमी होतो, गेलेला दात परत येत नाही. म्हणून पथकाच्या तपासणी पद्धतीत दोन साधे शब्द घाला : ओठ उचला, दात पुसा. कापसाचा किंवा गॉझचा तुकडा पुरतो.

दोन ठिकाणी हमखास चूक होते, तीही प्रशिक्षणात सांगावी. लोहाच्या औषधाने (सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली दिले जाते ते) दातांवर काळसर थर येतो. तो कीड नव्हे, दात कडक आणि गुळगुळीतच असतो, आणि दंतवैद्याकडे तो साफ करता येतो. काळे दात पाहून सेविकेने घाबरवले तर आई लोहाचे औषधच बंद करते, आणि ते नुकसान मोठे आहे. दुसरी गल्लत फ्लोरोसिसची, म्हणजे पोटात जास्त फ्लोराइड गेल्याने दातांवर येणाऱ्या डागांची. फ्लोरोसिसचे पांढरे पट्टे आडवे, दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे आणि मुख्यतः पक्क्या दातांवर असतात. किडीची पांढरी रेघ हिरडीच्या कडेला चिकटून असते.

आता व्हार्निशविषयी. पाच टक्के सोडियम फ्लोराइडचे हे व्हार्निश म्हणजे राळेत मिसळलेले फ्लोराइड, 22,600 पीपीएम (दहा लाख भागांत 22,600 भाग) तीव्रतेचे. लाळ लागताच ते दातावर घट्ट होते आणि काही तास दाताला फ्लोराइड देत राहते. ते दर सहा महिन्यांनी लावायचे असते, आणि आपली पथके अंगणवाडीत दर सहा महिन्यांनीच जातात. वेळापत्रक बदलायची गरज नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात व्हार्निशमुळे दुधाच्या दातांतली कीड सरासरी 37 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. दुधाच्या वीस दातांना 0.25 मिली पुरते. मूल गुडघ्यांवर आडवे घ्यायचे, डोके डॉक्टरच्या मांडीवर, पाय सेविकेकडे. दात गॉझने पुसायचे, अगदी कोरडे करण्याची गरज नाही, आणि छोट्या ब्रशने पातळ थर द्यायचा, आधी वरचे पुढचे दात, मग दाढा. दोन-तीन मिनिटांचे काम आहे. त्यानंतर चार तास कडक आणि खूप गरम काही खायचे नाही, त्या रात्री दात घासायचे नाहीत. एक दिवस दात पिवळसर दिसतात, हे आईला आधीच सांगावे, नाहीतर ती ते खरवडून काढते.

यात काय बिघडते तेही लिहितो. नळीत किंवा पाकिटात ठेवलेल्या व्हार्निशमध्ये राळ आणि फ्लोराइड वेगळे होतात. ढवळल्याशिवाय लावले तर एका मुलाला जास्त फ्लोराइड आणि दुसऱ्याला नुसती राळ मिळते. म्हणून एका मुलासाठी एक अशी छोटी पाकिटे घ्यावीत, महाग पडली तरी, आणि तीही लावण्याआधी ढवळावीत. 0.25 मिलीत सुमारे 5.6 मिलिग्रॅम फ्लोराइड असते. 10 किलोच्या मुलाला धोका संभवतो तो 50 मिलिग्रॅमच्या पुढे, म्हणजे नेहमीच्या मात्रेत भीती नाही. पण 10 मिलीच्या एका नळीत 226 मिलिग्रॅम असते, ती मुलांच्या हाती लागता कामा नये. मोठ्या नळ्या न घेण्याचे हे दुसरे कारण. तोंडात जखमा किंवा व्रण असलेल्या, राळेची ॲलर्जी असलेल्या किंवा दम्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्या मुलाला हे लावू नये.

पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात, दंतवैद्य नसतो. दंतवैद्यकाच्या कायद्याकडे बोट दाखवून ‘हे आमचे काम नाही’ असे म्हटले जाऊ नये, यासाठी शासन निर्णयातच स्पष्ट लिहावे की ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतशल्यचिकित्सकाने प्रशिक्षण दिल्यावर आणि त्याच्या देखरेखीखाली पथकाने व्हार्निश लावावे. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यातच ते लावले जाते. दात कोरणे, भरणे, काढणे यांतले काहीही यात नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांनी प्रशिक्षण द्यावे आणि आंतरवासीयांना (इंटर्न डॉक्टरांना) पहिल्या फेरीला पथकांसोबत पाठवावे.

ज्या मुलांच्या दातांत आधीच खड्डे आहेत त्यांच्यासाठी 38 टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदी आणि फ्लोराइडचे द्रव औषध आहे. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, त्याच यादीत दात भरायचे ग्लास आयोनोमर सिमेंटही आहे. भूल नको, ड्रिल नको. कापसाचे बोळे ठेवून दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने खड्ड्यात मिनिटभर चोळायचे, सहा महिन्यांनी पुन्हा. एका थेंबात साधारण पाच दात होतात. कीड कडक होऊन थांबते, आणि तो भाग कायमचा काळा पडतो. हे पालकांना फोटो दाखवून सांगितले पाहिजे आणि लेखी संमती घेतली पाहिजे. ज्या गावात हे न सांगता लावले जाईल तिथे पुढच्या वेळी कुणी मूल आणणार नाही. ओठांना आधी व्हॅसलीन लावावे, कारण त्वचेवर आणि कपड्यांवरही डाग पडतो. रात्री ठणका लागणारा दात, हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज असेल तर हे औषध चालत नाही, तिथे दंतवैद्यच हवा. आमचे मत असे की हे औषध पथकाकडे न देता ठरलेल्या वारी प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतशल्यचिकित्सकाने लावावे. पथकाने त्या वाराची तारीख आईच्या हातावर ठेवावी आणि आशाने आदल्या दिवशी आठवण करावी.

रोज दात घासण्याचे काम अंगणवाडी सेविकेवर येणार, आणि तिच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून पद्धत अशी हवी की जिला पाणी, बेसिन आणि जास्तीची वेळ लागणार नाही. गरम आहार झाला की सेविकेने एका स्वच्छ ताटलीच्या काठाकाठाने अंतर ठेवून वाटाण्याएवढे पेस्टचे ठिपके द्यावेत, प्रत्येक मुलाने आपल्या ब्रशने आपला ठिपका उचलावा. ट्यूब ब्रशला लागत नाही, त्यामुळे एकाची लाळ दुसऱ्याकडे जात नाही. मुलांनी बसून, दोन मिनिटे, एखादे बडबडगीत म्हणून होईपर्यंत घासावे. सुरुवात मागच्या दाढांपासून, कारण मुले पुढचे दात घासतात आणि थांबतात. मग थुंकायचे, चूळ भरायची नाही. पाण्याने चूळ भरली की पेस्टमधले फ्लोराइड वाहून जाते आणि निम्मी मेहनत वाया जाते. ब्रश सेविकेने किंवा मदतनीस ताईंनी एकेक करून धुवावेत आणि भोके पाडलेल्या स्टँडवर, डोके वर, एकमेकांना न लागतील असे उभे ठेवावेत. टोपणे लावू नयेत, ओल राहते. नावाऐवजी ब्रशवर आंबा, मोर, पतंग अशी चित्रे चिकटवली की तीन वर्षांचे मूलही आपला ब्रश ओळखते.

हिशेब मोठा नाही. तीन ते सहा वर्षांच्या 25 मुलांची अंगणवाडी, प्रत्येकी 0.25 ग्रॅम पेस्ट, वर्षाचे 300 दिवस म्हणजे 1,875 ग्रॅम. 100 ग्रॅमच्या एकोणीस ट्यूब आणि दर तीन महिन्यांना बदलायचे धरून 100 ब्रश, एवढेच.

खरेदीच्या निविदेत मात्र काही गोष्टी लिहून घ्याव्यात. आपल्याकडे पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा जास्त असू नये असा नियम आहे, आणि प्रमाण व मुदत ट्यूबवर छापणे बंधनकारक आहे. निविदेत नेमके 1000 पीपीएम मागावे. ‘मुलांची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच किंवा निम्मे असते. दंतमंजने, राखुंडी, कोळशाची पूड यांत कीड रोखणारे काही नसते, खरखरीत पुडीने कवच झिजते ते वेगळेच. खडूच्या पायावरच्या पेस्टमध्ये उन्हाळ्यात गोदामात पडून राहिल्यावर उपयोगी फ्लोराइड कमी होत जाते. म्हणून वर्षाची खरेदी एकदम न करता दोन हप्त्यांत करावी आणि ट्यूब पत्र्याच्या खोलीत साठवू नयेत.

एखाद्या दिनाचे निमित्त साधून ब्रश-पेस्टची पाकिटे वाटायची, भाषण करायचे आणि फोटो काढायचा, हा प्रकार आता थांबवावा अशी आमची स्पष्ट विनंती आहे. वाटलेली पेस्ट घरातले सगळे वापरतात, ती महिन्यात संपते. नुसत्या माहितीने पालकांचे ज्ञान वाढते, मुलांची कीड कमी होत नाही. तेच पैसे अंगणवाडीतल्या रोजच्या घासण्याला द्यावेत.

माता बैठकीत सांगायचे ते थोडके असावे. पहिला दात आला की घासायला सुरुवात करायची. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी. रात्री झोपण्यापूर्वी घासणे सकाळपेक्षा महत्त्वाचे, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातात ब्रश देऊन भागत नाही, मोठ्या माणसाने मागे उभे राहून, हनुवटी धरून घासावे. वर्षाच्या पुढे बाटली सोडवून पेला द्यावा. दुपारी-संध्याकाळी गोड खायचेच असेल तर जेवणाबरोबर. आणि घरात मशेरी भाजली जात असेल तर ती मुलाच्या बोटाला लागू देऊ नये. दंतउत्पादनांत तंबाखू वापरायला 1992 पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर ती पोचत नाही. रिंगणीच्या बियांचा धूर देऊन किडे पाडणाऱ्याकडे जाऊ नये हेही सांगावे. दातात अळ्या नसतातच, आणि त्यात जाणारा वेळ गळू व्हायला पुरतो.

महिला व बालविकास विभागाला वेगळी विनंती आहे. गूळ, मध आणि साखर यांत दाताच्या दृष्टीने फरक नाही. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू पौष्टिक खरा, पण तो दाढांच्या खाचांत चिकटून राहतो. घरपोच आहारात आणि अंगणवाडीच्या खाऊत गोड पदार्थ आठवड्यातून मोजक्या वेळी, आणि तेही जेवणाच्या सोबत यावेत. मधल्या वेळेला फुटाणे, शेंगदाणे, उकडलेले अंडे, उसळ, काकडी-गाजर द्यावे. पाच वर्षांखालच्या मुलांना फुटाणे-शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात, कूट करून द्यावेत.

शिक्षण विभागाकडे मागणी पहिलीच्या वर्गाची आहे. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली पक्की दाढ येते. ती येताना कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे आईवडील तिला दुधाचीच समजतात. ही दाढ आयुष्यभराची असते आणि तिच्या खोल खाचांत पहिल्या दोन वर्षांतच कीड बसते. त्या खाचा सिलंटने (पातळ संरक्षक लेपाने) बुजवता येतात. दाढ पूर्ण वर आलेली नसेल आणि लाळेमुळे ती कोरडी राहत नसेल तर ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून भरतात, त्याला वीजही लागत नाही. पहिली आणि दुसरीच्या मुलांची ही दाढ वर्षातून एकदा पाहिली आणि बुजवली गेली पाहिजे. शाळेत वाढदिवसाला चॉकलेट वाटण्याची प्रथा मुख्याध्यापक एका सूचनेने बदलू शकतात.

दोन गटांसाठी नेहमीची व्यवस्था पुरणार नाही. बीड, अहिल्यानगर, नाशिक, जालना या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात. गावातल्या दोन फेऱ्यांपैकी एक त्यांची चुकतेच. कारखान्याच्या परिसरातल्या कोप्यांवर (तात्पुरत्या झोपड्यांवर) गाळप हंगामात पथकाची एक फेरी ठरवून द्यावी, आणि व्हार्निश कधी लावले याची नोंद मुलाच्या कार्डावर असावी, म्हणजे दोन ठिकाणी दोनदा लावले जाणार नाही.

दुसरा गट चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या फ्लोराइडयुक्त पाण्याच्या गावांचा. तिथे ‘फ्लोराइड’ शब्द ऐकताच लोक पेस्टलाही नकार देतील, आणि त्यांची भीती समजण्यासारखी आहे. त्यांना आकडे सांगावेत. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये 0.25 मिलिग्रॅम फ्लोराइड असते, आणि मूल त्यातले बरेचसे थुंकते. लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले पाणी दिवसाला एक लिटर प्यायले तर 3 मिलिग्रॅम पोटात जाते, म्हणजे बारापट, तेही रोज. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 1.0 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. तिथे आधी पाणी बदलले पाहिजे. पाण्याचा अहवाल हातात आल्याशिवाय त्या गावांत व्हार्निशची फेरी सुरू करू नये, आणि पेस्ट सेविकेच्या नजरेखालीच वापरावी.

शेवटची बाब नोंदवहीची. पथकाच्या नोंदीत आज ‘दात किडले : होय/नाही’ एवढेच राहते. त्याऐवजी चार रकाने द्यावेत : पांढरी रेघ दिसली का, खड्डे किती, व्हार्निश लावल्याची तारीख, आणि ठणका वा पुळी असल्यास दंतशल्यचिकित्सकाने पाहिल्याची तारीख. पथकाचे काम किती चिठ्ठ्या दिल्या यावरून न मोजता शेवटच्या दोन रकान्यांवरून मोजावे. सुरुवात प्रत्येक महसुली विभागातल्या एका तालुक्यात करावी, आणि त्याच मुलांचे दात दोन वर्षांनी, काम न केलेल्या शेजारच्या तालुक्याशी ताडून, त्रयस्थ दंतवैद्यांकडून मोजून घ्यावेत. प्रशिक्षणाचा मसुदा, निविदेतल्या अटी आणि पालकांना दाखवायचे फोटो तयार करून द्यायला आम्ही मोबदल्याशिवाय तयार आहोत.

आपले,
महाराष्ट्रातील बालदंतवैद्य आणि सामाजिक दंतवैद्यक क्षेत्रातील कार्यकर्ते